पाठ झालेला सिनेमा

पाहिलेला सिनेमा मित्रांबरोबर पुन्हा पाहणे हा दिवाळीच्या सुट्टीतला एक सामुदायिक विधी आहे. पहिल्यांदा सिनेमा पाहणाऱ्याला पुढे काय होणार याची धाकधूक असते. विसाव्यांदा पाहणाऱ्याची धाकधूक वेगळी असते: आपला ठरलेला संवाद आपल्याआधी दुसराच कोणी म्हणून टाकेल की काय. या विधीत हसू विनोदाच्या आधी येते. पडद्यावरचा नट अजून दारातून आत यायचा असतो आणि इकडे सतरंजीवरचे सातही जण आडवे झालेले असतात.

विधी कुठल्याही गावात होतो. येथे उदाहरणादाखल कोरेगाव घेतले आहे. कोरेगाव म्हणताच पुण्यातला माणूस ‘पार्क की भीमा?’ असे विचारतो. हे तिसरे. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागले की सुमारे वीस किलोमीटरवर येणारे हे तालुक्याचे गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याला स्वतःचे स्टेशन आहे. तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हा घेवडा पोत्यात भरून बाहेर जातो आणि परत येत नाही. गावातली मुलेही अशीच बॅगा भरून पुण्या-मुंबईला जातात, पण ती दिवाळीला परत येतात, आणि तेवढ्या आठ दिवसांत सिनेमाचा विधी उरकावा लागतो.

वेळेचा प्रश्न नाजूक आहे. दिवाळीच्या प्रत्येक दिवसावर कोणाची ना कोणाची मालकी असते. लक्ष्मीपूजन घरच्यांचे, पाडवा बायकोचा, भाऊबीज बहिणीची. मित्रांच्या वाट्याला येते ती भाऊबीजेची रात्र, आणि तीही मैत्रीच्या जोरावर मिळत नाही, जागेच्या टंचाईमुळे मिळते. बहिणी, दाजी आणि भाचरे आल्यामुळे त्या रात्री घरच्या पुरुषाला पाठ टेकायला कोपरा राहत नाही. मग ज्याच्या घराला माडी आहे त्याच्याकडे उशी बगलेत मारून एकेक जण येऊ लागतो. माडीवाल्याची इच्छा कोणी विचारत नाही.

सिनेमा साडेनऊला लावायचा असे ठरते. साडेनऊला चहा येतो. मग गावात राहिलेले आणि गाव सोडून गेलेले यांची खुशाली होते. राहिलेला आल्याचा दर सांगतो. या भागात आल्याचा दर किलोवर नसतो, गाडीवर असतो, आणि गाडी म्हणजे पाचशे किलो. पुण्यात वाढलेल्या कोणाच्या तरी मुलाला हे दर वर्षी नव्याने समजावावे लागते, कारण गाडी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे टेम्पोच उभा राहतो. गेलेला फ्लॅटचा हप्ता सांगतो. दुसऱ्याचे बरे चालले आहे असे दोघांनाही वाटते. साडेदहाला कोणीतरी म्हणतो, “लावा की लगा आता, का सकाळी लावताय?”

शेवट ठाऊक असलेला खेळ पाहायला बसणे हे या मुलखाचे जुने वळण आहे. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हा प्रश्न सांगलीत कोणालाही पडलेला नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे पक्के माहीत असलेली माणसे रात्र रात्र बसून वन्स मोअर मागत. ‘वन्स मोअर’ हा शब्द इंग्रजांनी आणला. त्याचा उपयोग मात्र त्यांना मराठी नाट्यगृहात येऊन शिकता आला असता.

पुरुषाने लुगडे नेसून समोर येण्याचेही इथे कोणाला नवल नाही. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्यात १८८८ साली जन्मलेल्या बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज बायका साडी नेसण्याची ढब उचलत. तमाशाच्या गौळणीतली मावशी तर पुरुषानेच करायची, असा दंडकच. ज्या प्रेक्षकाच्या आजोबांनी बालगंधर्व आणि मावशी दोन्ही पाहिले, त्याच्यापुढे लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरत आला, तर त्या प्रेक्षकाला ते पाहुणे वाटत नाही, घरचेच वाटते.

यंत्रसामग्रीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आधी यात्रेतला तंबू होता. तिथे पडद्याच्या मागच्या बाजूला बसले की नायक डावखुरा होई आणि पाट्या उलट्या वाचाव्या लागत. ऐंशीच्या दशकात भाड्याचा व्हीसीआर आला. तो एका रात्रीपुरता मिळे, म्हणून त्या रात्री तीन सिनेमे पाहिले जात आणि तिसऱ्याची गोष्ट कोणालाच सांगता येत नसे. मग व्हीसीडी आली. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मावत असल्यामुळे सिनेमा दोन तबकड्यांत असे, आणि दुसरी तबकडी नेमकी ओरखडलेली असे. तिच्यावर फुंकर मारणे, ती बनियनला पुसणे आणि शेवटचा उपाय म्हणून टूथपेस्ट लावणे, या क्रमाने उपचार होत. एका पिढीला अनेक सिनेमांचा उत्तरार्ध केवळ ऐकीव माहितीवर ठाऊक आहे, तो यामुळे. लोडशेडिंगच्या काळात उरलेला सिनेमा अंधारात तोंडी पूर्ण केला जाई. पाठांतराचा पाया तिथेच घातला गेला असावा.

आता पेनड्राइव्ह आहे. तो टीव्हीला लावल्यावर आवाज येतो आणि चित्र येत नाही, किंवा याच्या उलट होते. मग मोबाइल टीव्हीला जोडण्याचा प्रयत्न होतो. ज्याच्या मोबाइलवरून सिनेमा लावला जातो त्याच्या बायकोचा ‘किती वाजता येणार’ हा संदेश पडद्यावर चार फुटी अक्षरांत उमटतो. सिनेमा अजून सुरू झालेला नसला तरी पहिला मोठा हशा इथे मिळतो. एखाद्या हौशी वर्षी प्रोजेक्टर आणला जातो आणि भिंतीला चादर लावली जाते. चादरीला घडीची सुरकुती असते. ती अशोक सराफच्या बरोबर नाकावरून जाते, आणि पंखा सुरू असेल तर गंभीर प्रसंगातही नाक हलत राहते. पंखा बंद केला तर डास. गेल्या कित्येक वर्षांत या प्रश्नावर तोडगा निघालेला नाही.

सिनेमा कोणता, यावर पंचायत बसते. ‘धूमधडाका’ (१९८५), ‘गंमत जंमत’ (१९८७), ‘झपाटलेला’ (१९९३) ही नावे ठरलेली. हिंदीतून ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) येतो. पहिल्या वेळी चित्रपटगृहात पडलेला हा सिनेमा लोकांनी घरी पुन्हा पुन्हा पाहूनच मोठा केला. कोणी ‘गोलमाल’ म्हणतो, तेव्हा १९७९चा की नंतरचा यावर पिढ्यांचे भांडण होते. ‘सूर्यवंशम’ कोणी सुचवत नाही, कारण तो लावावा लागत नाही, टीव्ही सुरू केला की असतोच. एक जण मात्र दर वर्षी पुरस्कार मिळालेला, कोणीच न पाहिलेला एक नवा सिनेमा सुचवतो. त्याला दुखवायचे नसते, म्हणून ‘तो उद्या शांतपणे बघू’ असे सांगितले जाते. हा उद्या सहा दिवाळ्या झाल्या तरी उगवलेला नाही. सुखाचा सिनेमा कशाला म्हणावे याच्या अटी सोप्या आहेत: कोणी मरू नये, कोणाला पश्चात्ताप फार वेळ होऊ नये आणि मध्येच चहाला उठून आल्यावर काही बिघडू नये.

पाऊण तासाच्या चर्चेनंतर ‘अशी ही बनवाबनवी’ लावला जातो. तो लावला जाणार हे साडेनऊलाच सर्वांना माहीत असते.

व्ही. शांताराम प्रॉडक्शन्सचा आणि सचिन पिळगावकर दिग्दर्शित हा सिनेमा १९८८चा. त्याचे मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये (१९६६) आणि त्याच्याही मागे एका बंगाली सिनेमात आहे. ही माहिती मंडळीतला माहितगार श्रेयनामावली सुरू असतानाच सांगतो. सर्वांनी ती ऐकलेली असते, पण अडवत कोणी नाही, कारण ती सांगून झाल्याशिवाय तो गप्प बसत नाही हेही अनुभवाने कळलेले असते. पटकथा आणि संवाद वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणाऱ्या माणसाची वाक्ये ती. बतावणीतल्यासारखी ती एकाने टाकायची आणि दुसऱ्याने झेलायची अशी घडवलेली आहेत. म्हणून ती कानाला चिकटतात आणि सात जणांत वाटून घेता येतात. त्यातले एकही वाक्य येथे छापलेले नाही. गरजही नाही. एव्हाना वाचकाने दोन-तीन मनात म्हटली असतीलच.

पण या सिनेमाची कोरेगावच्या माडीवरची खरी पकड संवादांत नाही, खोलीत आहे. पुण्यात चार तरुण आहेत आणि राहायला जागा नाही, एवढीच गोष्ट. जागा मिळते ती लीलाबाई काळभोर यांच्याकडे आणि तीही फक्त जोडप्यांना. मग परशुरामाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. शहरातल्या प्रेक्षकाला हे अतिरंजित वाटत असेल. कोरेगावातून पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाला वाटत नाही. त्याने कॉट बेसिस पाहिलेले असते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच कॉट, भिंतीला सात खिळे, पाणी सकाळी सहा ते सव्वासहा, पाहुणा आणायचा नाही, मटण शिजवायचे नाही, दिवा दहाला बंद आणि ‘बॅचलरना जागा देणे नाही’ ही पाटी वाचून झाल्यावर मिळालेली ही खोली. अशा माणसाला पार्वतीचा उपाय थोडा खर्चिक वाटेल, पण अशक्य वाटत नाही.

म्हणून सरपोतदार पडद्यावर आले की सिनेमा थांबवावा लागतो. सुधीर जोशींनी उभे केलेले हे, लीलाबाईंच्या आधीचे, घरमालक एकच आहेत. माडीवर मात्र सातांचे सात सरपोतदार असतात. एकाचे सदाशिव पेठेत होते आणि बादल्या मोजत. एकाचे कोथरूडला होते आणि फ्लशचा आवाज झाला की दार वाजवत. हे किस्से दर वर्षी सांगितले जातात आणि दर वर्षी बादल्या वाढतात. किस्से संपल्यावर सिनेमा पुन्हा सुरू होतो आणि कुठे थांबवला होता हे आठवत नसल्यामुळे दहा मिनिटे मागून. अडीच तासांच्या आतबाहेरचा हा सिनेमा संपायला रात्रीचे दोन वाजतात, त्याचे हे गणित आहे.

सत्तर रुपयांचा प्रसंग हा विधीचा गाभा. वर सांगितलेली अट आठवावी: या सिनेमात कोणी मरत नाही, मरतात ते फक्त सरपोतदारांचे सत्तर रुपये. चौघांतल्या धनंजय मानेला (अशोक सराफ) मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले, इस्तंबूलच्या वाटेने गेलेले. हा प्रसंग जवळ आला की चकलीचा आवाज थांबतो. चिवड्याच्या पातेल्यातला हात तिथेच राहतो. (पातेल्यात या वेळी फक्त पोहे असतात. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप पहिल्या वीस मिनिटांत गेलेले असतात, आणि ते नेमके कोणी खाल्ले हे सर्वांना माहीत असते.) धनंजय माने तोंड उघडतो, पण त्याचा आवाज ऐकू येत नाही, कारण सात जण त्याच्या आधी बोललेले असतात. सात जणांत सहा वेगवेगळे पाठ निघतात. ‘तसं नाही, आधी औषध, मग माणूस’ असा वाद पेटतो. टीव्हीचा आवाज वाढवून पडताळा पाहावा, हे कोणाला सुचत नाही. शेवटी निकाल खालच्या स्वयंपाकघरातून लागतो. उद्याची डाळ भिजत घालता घालता माडीवाल्याची बहीण जिन्याच्या तोंडाशी येऊन तो संवाद स्वल्पविरामासकट म्हणून दाखवते आणि निघून जाते. खाली बायकांना सगळा सिनेमा यांच्यापेक्षा चांगला पाठ आहे, ही गोष्ट त्यानंतर पाच मिनिटे कोणी बोलत नाही.

मंडळीतल्या भूमिका ठरलेल्या असतात. एक पुढचे सांगणारा. त्याला ‘सांगू नको’ म्हणण्यात अर्थ नसतो, कारण सगळ्यांना माहीत असलेलेच तो सांगतो. एक झोपणारा, तो नेहमी भिंतीकडेला असतो, हशा झाला की झोपेतच हसतो आणि सकाळी ‘मी जागाच होतो’ म्हणतो. एक उशिरा येणारा. तो जिन्यात उभा राहून धनंजय माने यांच्या निवासस्थानाची चौकशी करतो आणि सगळी माडी त्याला एका सुरात उत्तर देते. या स्वागतासाठीच तो उशिरा येतो असा संशय आहे. आणि एक पार्वती. शाळेच्या स्नेहसंमेलनात आईची साडी नेसून त्याने हे काम केले होते. पुढे तो बँकेत अधिकारी झाला, टक्कल पडले, दोन मुलांचा बाप झाला. कोरेगावच्या स्टँडवर उतरला की आजही हाक येते ती, “काय पार्वतीबाई, कधी आलासा?”

हसणे आणि माणसांची संख्या यांचे नाते अभ्यासकांनीही तपासले आहे. रॉबर्ट प्रोवाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला असे आढळले की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे तीसपट माणसांत असताना हसतो. कॅलिफोर्नियातल्या लेविट आणि ख्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ साली लोकांना गोष्टी वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून. शेवट माहीत असलेल्यांना गोष्टी जास्त आवडल्या. सौभद्राच्या प्रेक्षकांना विचारले असते तर प्रयोगाचा खर्च वाचला असता.

सणाला ठरलेला सिनेमा पाहण्याची खोड जगभर दिसते. अमेरिकेत नाताळला ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) लागतो. १९७४ साली त्याच्या हक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले, टीव्हीवाल्यांना तो फुकटात दाखवता येऊ लागला आणि फुकट मिळालेली गोष्ट परंपरा झाली. पोलंडमध्ये नाताळला ‘होम अलोन’ पाहतात. जर्मनीत वर्षाच्या शेवटच्या रात्री ‘डिनर फॉर वन’ नावाची १९६३ साली चित्रित केलेली इंग्रजी नाटिका दाखवतात; तिच्यात एक म्हातारी बाई आपल्या केव्हाच वारलेल्या मित्रांबरोबर जेवायला बसते आणि त्यांच्या वाटचे पेले बटलर रिकामे करतो. कोरेगावात न आलेल्याला व्हिडिओ कॉल लावतात. तो दुबईत किंवा पिंपरीत ड्यूटीवर असतो, आणि मोबाइल टीव्हीकडे तोंड करून चिवड्याच्या पातेल्याला टेकवून ठेवला जातो. त्याला दिसते ते पातेले. तरी तो बरोबर जागी हसतो.

मध्येच माहितगार आठवण काढतो. लक्ष्मीकांत बेर्डे गेले, चौघांतले सिद्धार्थ रेही त्याच वर्षी, २००४ साली. पुढच्या वर्षी सुधीर जोशी. मग लीलाबाई झालेल्या नयनतारा. क्षणभर कोणी बोलत नाही. तेवढ्यात पडद्यावर पार्वतीबाई पदर सावरत येतात आणि दुखवटा संपतो.

सिनेमा दर वर्षी तोच असतो, मंडळी मात्र तीच राहत नाहीत. विशीत सातही जण धनंजय मानेच्या बाजूचे होते. चाळिशीत एकाने हडपसरला दुसरा फ्लॅट घेतला आणि भाड्याने दिला. गेल्या दिवाळीत सरपोतदार पडद्यावर ओरडत होते, माडी हसत होती, आणि हा एकटाच शांत होता. मग हळूच म्हणाला, “पण एका खोलीत किती जणं घुसवायची, त्यालाबी काय लिमिट? मालकानं करायचं काय?” सिनेमा थांबवला गेला. सर्वांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने तीन पोरांना जागा दिली होती आणि आता तिथे पाच राहतात असे त्याच्या कानावर आले होते. त्या रात्रीपासून त्याला सरपोतदार म्हणतात, आणि भूमिकांच्या यादीत एकाची भर पडली आहे.

शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल खात्रीलायक माहिती मिळत नाही. तोपर्यंत झोपणारे चार झालेले असतात, उरलेले जुन्या मास्तरांवर आलेले असतात, आणि सकाळच्या गाडीने पुण्याला जाणारा गजर लावून आडवा होतो. सोंग उघडे पडते, सगळ्यांची लग्ने जमतात, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण नेमके कसे, हे तीस वेळा सिनेमा पाहिलेल्यांपैकी एकालाही सलग सांगता येत नाही. सकाळी माडी झाडताना सतरंजीखाली चकलीचे तुकडे, एक चार्जर आणि एक मोजा सापडतो. पेनड्राइव्ह टीव्हीलाच राहतो. गेल्या वर्षीचाही तिथेच आहे. ज्याचा असेल त्याने घेऊन जावा.